घरोघरी लक्षणे

२७ नोव्हेंबर १९९५, सोमवार. पहाटे ४.०५

शनिवार-रविवारची सुट्टी शिबिरात गेली, पण वाया गेली नाही. विषय होता ‘नेहमीचे मानसिक आजार आणि त्यांची लक्षणे’. आम्हा प्राथमिक शिक्षकांना असल्या विषयाला का बोलावलं, असा प्रश्न आमचे हेडमास्तर बाबुराव सरांना पडला होता. मला नाही पडला. रोज चाळीस मुलं आणि त्यांचे पालक झेलणाऱ्या बाईला हे आधीच शिकवायला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ समजावलं. दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच रस नाही, भूक-झोप बिघडलेली, बोलणं कमी झालेलं, ही उदासीनता. धडधड, घाम, झोपमोड, काहीतरी वाईट होणार असं सतत वाटणं, हा चिंतेचा आजार. कुलूप, नळ, हात पुन्हापुन्हा तपासणं किंवा धुणं, हा आपल्याकडे मंत्रचळ म्हणतात तो. वर दहा वेळा बजावलं, “निदान तुम्ही करायचं नाही. फक्त बघायचं, तारीख-वेळ घालून लिहायचं, आणि शंका आली तर डॉक्टरकडे पाठवायचं.” ठीक आहे. पण बावीस वर्षं पेपर तपासलेल्या बाईला पाच लक्षणं वाचून पास-नापास कळणार नाही होय?

त्यासाठी ही नवी वही. घर सुरतेत उधन्याला, शाळा बमरोलीला, मध्ये नमुन्यांना तोटा नाही. आमचे जयंतराव बँकेत कारकून, लेक अपर्णा बारावीला. दोघंही आता घोरताहेत. मला लवकर जाग येते, तेवढाच निवांतपणा.

३० नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे ४.२०

पहिला नमुना शेजारचा हिलाल. वय चाळीस. बोलतो ते ओरडून, कोणी हाक मारली तर लक्ष नसतं, हात सदा ओले. पाचपैकी तीन गुण सहज. काल त्याच्या बायकोला, रुक्मिणीला, हळूच बाजूला घेतलं. ती दारात साड्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती. पर्वत पाटियाच्या बाजूच्या व्यापाऱ्याकडून आणते आणि घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापते. मी म्हटलं, “रुक्मिणी, हिलालभाऊंना डॉक्टरला दाखवायला हवं. डोक्याच्या.”

ती कातरी न थांबवता म्हणाली, “बाई, तो बारा तास लूमवर ऱ्हास. त्याले कमी आयकू येस, म्हनीसन वरडस. आनि हात धोईसन येस तं वल्लाच ऱ्हाई ना?”

यंत्रमागाच्या खडखडाटाने कान गेलेले, हिलालला नापास करावं लागलं. पण रुक्मिणीने मग माझ्याकडेच जरा जास्त वेळ पाहिलं. तिच्या नजरेची नोंद ठेवली आहे. संशयी स्वभाव असू शकतो.

५ डिसेंबर, मंगळवार. पहाटे ३.५०

बाबुराव सर म्हणजे मंत्रचळाचा आदर्श नमुना. शाळा सुटल्यावर ऑफिसचं कुलूप तीन वेळा ओढून पाहतात. कप दोनदा विसळतात. आज मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिलं, कुलपापाशी पावणेदोन मिनिटं. हसूच आलं.

ते बघत थांबल्यामुळे मला उशीर झाला. तसा सकाळीही झाला होता, कारण निम्म्या वाटेवरून गॅसची कळ पाहायला परत आले. दोनदा. तिसऱ्यांदा शेजारी रुक्मिणीला पाहायला सांगितलं. पण गॅस आणि कुलूप यांत फरक आहे. कुलूप उघडं राहिलं तर चोर येतो, गॅस उघडा राहिला तर घर जातं. ह्याला खबरदारी म्हणतात.

हल्ली शाळेत चालतच जाते. पाऊण तास लागतो. शटल रिक्षात आठ-आठ माणसं कोंबतात, गुदमरायला होतं, आणि व्यायामही हवाच ना या वयात.

१० डिसेंबर, रविवार. पहाटे ४.००

मृणालचं पत्र! माझी धाकटी बहीण, अमळनेरला दिलेली. लग्नाला सात वर्षं झाल्यावर आता दिवस राहिलेत आणि सहावा महिना लागतोय. एकवीस जानेवारीला सासरी डोहाळजेवण आहे. लिहिते, “ताई, पहिलं बाळंतपण माहेरी. आई नाही म्हणजे माझं माहेर तूच. डोहाळजेवणाला ये आणि परत जाताना मला सोबत घेऊन जा. इथे सासूबाई रोज विचारतात, कोण नेणार तुला?”

वाचताना डोळे भरले. लगेच कपाट उघडून जुन्या मऊ लुगड्यांच्या दुपट्यांसाठी कापडं काढली, चार बाजूला ठेवली. मग एकदम छातीत धडधडायला लागलं. जयंतरावांनी चहात आलं फार घातलं होतं. त्यांना किती वेळा सांगितलं.

भुसावळ पॅसेंजर सुरतहून निघते आणि थेट अमळनेरला जाते, बदलायची भानगड नाही. सहा-सात तासांचा तर प्रश्न. बघू. सहामाहीचे पेपर आहेत, निकालपत्रकं आहेत.

१७ डिसेंबर, रविवार. पहाटे ४.१०

दिव्याखाली अंधार म्हणतात ते हेच. जगाचं बघत फिरले आणि घरातला माणूस सुटला. जयंतराव! बोलणं कमी. जेवण कमी, काल अर्धी भाकरी तशीच. बँकेतून आले की पेपर उघडा धरून बसतात आणि पान उलटत नाहीत. वर पाहावं तर माझ्याकडेच बघत असतात. परवा विचारलं, “अहो, कशात रस वाटेनासा झालाय का?” तर म्हणाले, “तुला वाटतोय का?” प्रश्नाला प्रश्न. शिबिरात दिलेल्या पुस्तिकेत याला टाळाटाळ म्हटलेलं नाही, पण म्हणायला हवं.

उदासीनता, पाचपैकी चार. घरातला पहिलाच नंबर.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की डॉक्टरला दाखवू. ते हसले आणि अंथरुणं घालायला गेले. आपला आजार मान्य न करणं हेसुद्धा त्यातच येतं, असं बाई म्हणाल्या होत्या.

२२ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे ३.४०

अपर्णा: चिडचिड, दार आपटणे, उलट उत्तरं. कारण काय, तर मी तिला ट्यूशनला पोचल्यावर तिथल्या पीसीओवरून खालच्या दुकानात फोन करायला सांगते, निघताना दुसरा, आणि वाटेत मैत्रिणीच्या घरून तिसरा. तिसरा काल आला नाही. वीस मिनिटं उशीर! मी चपला न घालता कोपऱ्यापर्यंत गेले होते. ती समोरून शेंगदाणे खात येत होती.

“मम्मी, हवे बस कर ने! दुकानवाला काका पण मला हसतो.”

“हसू दे. त्याची मुलगी हरवली म्हणजे कळेल.”

“मी हरवले नव्हते! दहा मिनिटं नव्हते फक्त. आणि ते गेल्या वर्षी झालं, मम्मी.”

गेल्या वर्षी म्हणजे प्लेगच्या वेळी. निम्मं गाव पळत होतं. जयंतरावांना बँक सोडता येईना म्हणून मी एकटी अपर्णाला घेऊन स्टेशनवर गेले. त्या रेट्यात तिचा हात सुटला. ती म्हणते दहा मिनिटं. माझ्या हिशेबी फार जास्त. मिळाली, संपलं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अपर्णाला वयानुसार सूट देऊन पाचपैकी दोन.

३१ डिसेंबर, रविवार. पहाटे ४.३०

काल अमळनेरचं तिकीट काढायला म्हणून स्टेशनवर गेले होते. घरी सांगितलं, रांग फार होती. वहीत तरी खरं लिहावं, वेळ घालून नोंद करायची म्हटली तर खोटं कसं चालेल.

रांग फार नव्हती. माझ्यापुढे अकरा माणसं. पाचजण उरले असताना आतून कोणीतरी छातीवर पाय ठेवल्यासारखं झालं. हाताला मुंग्या, घसा कोरडा, घाम इतका की ब्लाउज पाठीला चिकटला. आता आपण इथेच मरणार, खात्रीच झाली. वजनाच्या काट्याशेजारी बसकण मारली. एका हमालाने पाणी दिलं, “बेन, कोई साथे छे?” म्हणून विचारलं. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ओसरलं आणि मी उठून चालत घरी आले. चालतच.

आदल्या रात्री वाल खाल्ले होते. गॅस वर चढला की असं होतं. मृणालला लिहून टाकलं की एकवीसला शाळेची तपासणी आहे, डोहाळजेवणाला जमणार नाही, आणि नेण्याचंही जरा पुढे बघू. सुरतेची हवा अजून धड नाही, पाण्याचं खरं नाही, गर्भारणीला आणायचं म्हणजे जबाबदारी. सगळं खरंच लिहिलं आहे. तपासणी सोडून.

८ जानेवारी १९९६, सोमवार. पहाटे ३.३०

मृणालचं उत्तर. चारच ओळी. “ताई, तपासणी महाराष्ट्रातल्या शाळांचीही होते, ती रविवारी नसते. मला आणायचं नसेल तर तसं सांग. मी इथेच राहीन. आई असती तर मी विचारलंही नसतं.”

दिवसभर पोटात काही गेलं नाही. आई गेली तेव्हा मृणाल अकरा वर्षांची होती, वेणी मी घालायचे. तिला काय सांगू? वाल खाल्ले म्हणून आले नाही?

संध्याकाळी रुक्मिणी आली. खरं तर मीठ मागायला, पण मीठ घेऊनही जाईना. ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही रातले जपतस नई का?”

मी म्हटलं, छान झोपते.

“पह्याटले रोज तुमना घरमा दिवा लागेल दिसस. मनी माय बी अशीच बसे, मना भाऊ वारना तवय.”

तिचा भाऊ वारला तेव्हा तिची आई अशीच बसायची म्हणे. माझ्या घरात कोणी वारलेलं नाही, हे तिला नीट समजावून सांगितलं. तिने मिठाची वाटी तिथेच ठेवली आणि माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोटांना धाग्यांचे तुकडे चिकटलेले होते. तेवढ्यावरून मला रडू यावं असं काय होतं त्यात, कळलं नाही. कांदा चिरत होते म्हणा.

१५ जानेवारी, सोमवार. पहाटे ४.००

काल उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत. सगळं सुरत गच्चीवर, आमचंही. दरवर्षी पतंग कापला की मीच पहिली “काय पो छे” ओरडायचे. या वर्षी साडेदहालाच सगळ्यांना खाली आणलं. गच्चीचा कठडा कमी उंचीचा आहे, मांज्याने गळे कापतात, आणि अपर्णा मागे न बघता मागे सरकते. मी तिच्या ओढणीचं टोक धरून उभी होते. तिच्या मैत्रिणी हसल्या. ती पतंग टाकून खाली आली आणि उंधियूचं ताट न उघडता उशीत तोंड घालून झोपली.

मी जयंतरावांना म्हटलं, बघा, पोरीतही उदासीनता उतरली, तुमच्यामुळे. मला वाटलं, चिडतील. ते माझ्यासमोर पाटावर बसले आणि म्हणाले, “तुझं बरोबर असेल, अलका. मला बरं वाटत नाही. दाखवू डॉक्टरला. पण मी एकटा जाणार नाही. तू बरोबर हवीस, आणि तुझी ती वहीही घे. मला काही सांगता यायचं नाही.”

शेवटी पटलं! शिबिराचं सार्थक झालं. गुरुवारची वेळ घेतली आहे त्यांनी. माझी रजाही परस्पर बाबुराव सरांना कळवून आले. आजारी माणसाला एवढा उत्साह कुठून आला कोण जाणे.

१८ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ७.३०

पहाटेची वाट न पाहता आजच लिहून टाकते.

डॉक्टर वयस्क, गुजराती, चष्म्यावरून बघणारे. मी वही उघडून जयंतरावांची लक्षणं सांगायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग जयंतरावांना विचारलं, “बोलो भाई, शुं तकलीफ छे?”

जयंतराव टेबलाकडे बघत म्हणाले, “साहेब, मला एवढीच तकलीफ आहे की माझी बायको सोळा महिने झोपलेली नाही.”

मला वाटलं, चेष्टा करतात. मग मला राग आला. एवढा राग की उठले. “मी? मला काय झालंय? पेशंट तुम्ही आहात!” डॉक्टर म्हणाले, बसा बेन. त्यांनी माझी वही जवळ ओढली. मराठी त्यांना येत नव्हतं. पण एकेका पानावर वरती बोट ठेवत गेले. चार पाच. चार वीस. तीन पन्नास. तीन चाळीस. “आ शुं छे, बेन? गाडीनो टाइम?”

मी म्हटलं, नोंदीची वेळ आहे, शिबिरात तसं सांगितलं होतं.

पुढे त्यांनी एकेक विचारलं आणि मी एकेक उत्तर दिलं. चहा. गॅस. व्यायाम. खबरदारी. वाल. माझीच उत्तरं मला ऐकू यायला लागली. वर्गात एखादं पोरगं रोज नवीन कारण सांगतं, आज आजी आजारी, उद्या पाय मुरगळला, आणि आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं की याने गृहपाठ केलेला नाही. तसंच. मी वही मिटून ठेवली. मग स्टेशनची गोष्ट सांगितली. दोन्ही वेळची. अपर्णाचा हात सुटला तिथपर्यंत मी सांगितलं, पुढचं जयंतरावांनी. त्यांना ते सगळं माहीत होतं. मी झोपेत बोलते म्हणे.

कार्डिओग्राम आणि रक्त तपासून घ्यायला सांगितलं, म्हणजे शंका नको. पण डॉक्टर म्हणाले, हृदय बहुधा ठणठणीत आहे. हे घाबरण्याचे झटके आहेत. येतात, दहा-पंधरा मिनिटांत जातात, जीव घेत नाहीत. पण माणूस ती जागा टाळायला लागतो, मग दुसरी, आणि घर लहान होत जातं. गोळ्या दिल्यात. त्यांचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागतील. आणि जिथे भीती वाटते तिथे थोडं थोडं जायचं, सोबत घेऊन, आणि भीती उतरेपर्यंत थांबायचं.

बाहेर आल्यावर जयंतरावांनी रिक्षा थांबवली, मी चालायचा हट्ट धरला. रिक्षात बसले मात्र. डोळे मिटून, त्यांचा शर्ट धरून.

१९ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ६.००

रात्री विचारलं, “मला सरळ का नाही सांगितलंत?”

“सांगायला गेलो होतो. तू मलाच गुण दिलेस.”

मी वही चाळली. खरं आहे.

मग म्हणाले, “बोर्डाच्या परीक्षेत स्वतःच्या शाळेचे पेपर तपासायला देतात का कधी? बाहेर पाठवतात ना? मग तुझाही पाठवायला हवा होता.” बँकेतला माणूस शिक्षकाला पेपर तपासायचे नियम शिकवतो. पण महिनाभर अर्धी भाकरी टाकणारा हा माणूस उदास नव्हता, घाबरलेला होता, आणि माझ्यासाठी घाबरलेला होता. ते माझ्या पाच लक्षणांत बसत नव्हतं म्हणून मी त्याला भलत्याच विषयात पास केलं. मला फार लाज वाटली. आणि बरंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

२१ जानेवारी, रविवार. दुपारी २.००

आज मृणालचं डोहाळजेवण. खालच्या दुकानातून फोन लावला. मागे बायकांची गाणी ऐकू येत होती. ती “हं” म्हणाली, तेवढंच. मी म्हटलं, “मृणाल, तपासणी नव्हती. मला गाडीत बसायची भीती वाटते. मी आजारी आहे.”

पलीकडे गाणी दबली, तिने दार ओढून घेतलं असावं. मग ती म्हणाली, “ताई, मला वाटलं तुला मी जड झाले.” आणि दोघी रडलो. दुकानदार पेपरात तोंड घालून बसला.

“मग कोण नेणार मला?” तिने शेवटी विचारलंच. मी म्हटलं, मीच. कधी ते सांगत नाही.

२८ जानेवारी, रविवार. सकाळी ११.३०

प्रवास पहिला: सुरत ते उधना. एकच स्टेशन. लोक अमरनाथला जाऊन येतात तेवढ्या तयारीने गेले. डबा, पाण्याची बाटली, जयंतराव, अपर्णा. धडधडलं. अपर्णा घड्याळ लावून बसली होती, “मम्मी, नऊ मिनिटांत उतरली तुझी भीती. उधना पण तेवढ्यातच आलं.” उधन्याला उतरलो आणि घरी चालत आलो. रुक्मिणी दारातच होती. हिलालला मोठ्याने ओरडून सांगितलं तिने, की बाई गाडीत बसी उनात, म्हणजे बसून आल्या. सगळ्या गल्लीला कळलं.

४ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १.००

चलथाणपर्यंत. साखर कारखान्याच्या मळीचा वास नाकात गेला तेव्हा भीती वाटायची विसरले, इतका तो वास. परतीच्या गाडीत गर्दी होती आणि मी मध्येच उतरू म्हणत होते. जयंतराव म्हणाले, “उतरू. पण पुढच्या स्टेशनावर ठरवू.” दर स्टेशनावर तेच म्हणाले. लबाड.

काल रात्री सव्वापाचपर्यंत झोपले. अपर्णाचा फोन आता एकच, पोचल्याचा. दुसऱ्यासाठी अजून दुकानात खाली जाते कधीकधी, उगाच. गॅस एकदा पाहते. दोनदा.

१२ फेब्रुवारी, सोमवार. अमळनेर, सकाळी ९.००

काल आलो. साडेसहा तास. नंदुरबारला मला तो झटका आला, अगदी पूर्ण, मुंग्यांसकट. मी जयंतरावांच्या हाताला नखं रुतवून बसले आणि गाडी हलली आणि तो गेला. तिथे मेले नाही.

मृणाल अवघडलेली असूनही स्टेशनवर आलेली, पोट सांभाळत. तिच्या सासूबाईही होत्या. मी उतरले तर केस विस्कटलेले, पातळ भिजलेलं. सासूबाई म्हणाल्या, “अगंबाई, किती घाम! गाडीत फार उकडत होतं का?”

थंडीचे दिवस. डब्यात वारा नुसता भणाणत होता. चहा, वाल, उकाडा, सगळी उत्तरं जिभेवर होती.

मी म्हटलं, “नाही, उकडत नव्हतं. भीती वाटत होती. बहिणीला न्यायला आलेय.”